वडशाच्या सिनेमातली हिरवी साडी

घुग्घुस
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय ललिता,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. सांगण्यासारखं काही घडत नव्हतं, म्हणून उत्तर राहिलं. रिटायर झाल्यापासून असंच चाललं आहे. सकाळी खाणीचा भोंगा वाजला की पाय अजून आपोआप चपलेत जातात. मग आठवतं, आपली आता कोणतीच पाळी नाही.

फोन का करत नाही म्हणून विचारतेस. कोळसा चाळायच्या मशिनीजवळ सगळी नोकरी गेली. उजवा कान गेलाच आहे, डावा त्याच्या मर्जीने चालतो. फोनवर मी नुसता हो हो करत राहतो आणि समोरच्याला वाटतं, माणूस मजेत आहे. तिकडे तुला एटापल्लीला आल्याशिवाय रेंज नाही. आपली पत्रंच बरी.

दिव्यानी पुण्याहून येऊन गेली. पोरगी कामाची आहे, आल्या आल्या घर आवरायला घेतलं. सिनेमांच्या कपाटापाशी आली आणि म्हणाली, "बाबा, हे सगळं आता मोबाइलवर आहे. कशाले रोज धूळ पुसत बसता?" आता कसं सांगू तिला? तुझ्या बहिणीचा आणि माझा हाच एक शौक होता. आधी व्हीसीडी, मग डीव्हीडी, मोठा टीव्ही घेतल्यावर ब्लू-रे. रविवारी जेवण आटोपलं की आशा एक डिस्क काढायची, जुन्या मऊ लुगड्याच्या तुकड्याने आतून बाहेर अशी पुसायची आणि मला द्यायची. लावायचं काम माझं. घुग्घुसात सकाळी पुसलेल्या वस्तूवर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट काळं होतं. पण तिची एक डिस्क कधी अडकली नाही.

मुंबईच्या ज्या दुकानातून आमच्या डिस्क यायच्या, ते बंद होत आहे. दिव्यानीसमोरच दुकानदाराचा फोन आला, तिने मला ओरडून सांगितलं. नव्या डिस्क आता फार कुणी काढत नाही, प्लेअर बनवणारेही एकेक करून सोडत आहेत. "काका, तुमच्यासारखी गिऱ्हाइकं संपली," असं म्हणाला. शेवटचं म्हणून काय पाठवू, असं त्याने विचारलं. मी वडशाचा सिनेमा मागितला.

त्याची जुनी निगेटिव्ह साफ करून कुणीतरी ब्लू-रे काढली आहे म्हणे. आमच्या लग्नाच्या आदल्या हिवाळ्यात तुमच्या वडशाच्या बाजारात त्याचं शूटिंग झालं होतं, तुला आठवत असेलच. आशा त्यात हिरव्या साडीत, डोक्यावर टोपली घेऊन समोरून चालत येते. लग्नानंतर चंद्रपूरच्या टॉकीजमध्ये ती क्षणभरच पडद्यावर आली, पण मी ती साडी ओळखली. मी तिला पाहायला आलो तेव्हा तीच नेसली होती. "थे तूच ना?" असं विचारलं तर पदर तोंडाशी धरून हसली. माझ्याजवळच्या व्हीसीडीत चेहरा म्हणजे कणकेचा गोळा दिसतो. आता नीट दिसेल.

तिला जाऊन दोन वर्षं झाली. फोटो आहेत, पण फोटोत ती हलत नाही.

तुझा,
हेमराज


एटापल्ली
९ सप्टेंबर २०२४

आदरणीय भाऊजी,

नमस्कार. तालुक्याच्या मीटिंगला आले आहे, ती संपली की हे पत्र पोस्टात टाकीन.

पावसाने आमच्या गावचा रस्ता दोनदा तुटला. नाला भरला की उपकेंद्र म्हणजे बेट होतं. गेल्या आठवड्यात एक बाळंतीण खाटेवर टाकून आणली, नाला उतरेपर्यंत माझ्याच खोलीत ठेवली. दोघं खुशाल आहेत. जाताना तिच्या सासूने मूठभर कोसरीचे दाणे दिले आणि "जोहार सिस्टर" म्हणाली. ती गेल्यावर खोली एकदम मोठी वाटायला लागली.

आशाबाईच्या हातच्या पुसण्याचं वाचून बरं वाटलं. बाई सगळंच तसं आतून बाहेर पुसायची, ताटं पण.

भाऊजी, एक सुचवते. ती नवी डिस्क मागवूच नका. जुनं पिक्चर असं घासूनपुसून काढलं की त्याची मजा जाते म्हणतात. व्हीसीडी चालते ना तुमची? तीच बरी. आणि दिव्यानी म्हणते त्यातही काही खोटं नाही, डोळ्यांना किती त्रास द्यायचा.

बीपीची गोळी रोज घेता की आठवण येईल तेव्हा?

तुमची,
ललिता


घुग्घुस
६ ऑक्टोबर २०२४

ललिता,

डिस्क आली. तुझं पत्र यायच्या आधीच निघाली होती.

फार साफ आहे. बाजारातल्या वांग्यांवरचं पाणी दिसतं. मागच्या दुकानाची पाटी वाचता येते. हिरवी साडी समोर येते, थोडी डावीकडे पाहते आणि हसते. हसताना वरचा एक दात दुसऱ्यावर चढलेला दिसतो.

तो दात तुझा आहे.

मी थांबवून पाहिलं, पुन्हा लावून पाहिलं. पन्नाशीला आलेली तू आणि ती सोळा-सतरा वर्षांची पोरगी, तरी दात तोच. मग तुझं पत्र आलं, आणि डिस्क मागवू नका असं तू का लिहिलंस ते समजलं.

इतकी वर्षं मी तिथे आशाला पाहत होतो. पाहुणे आले की त्यांनाही दाखवायचो. ती बाजूला बसून चहा ओतायची आणि काही म्हणायची नाही. ती मला हसत होती का, एवढंच मनात येतं. आता विचारायची सोय नाही. ती गेल्यावरही रविवारी मी तो भाग लावत होतो. तेवढीच ती घरात चालायची. आता तेही गेलं.

दिव्यानीचं बरोबर आहे. मी सगळ्या डिस्क खोक्यात भरल्या आहेत आणि दाराशी ठेवल्या आहेत. भंगारवाला प्लास्टिकच्या भावाने घेईन म्हणाला आहे.

हेमराज


एटापल्ली
२० ऑक्टोबर २०२४

आदरणीय भाऊजी,

तुमचं पत्र वाचून मीटिंगमध्ये माझं लक्ष नव्हतं. मागच्या वेळी तुम्हाला खरं लिहायला बसले होते. पण लिहावं तर तुमच्या घरातून बाई पुन्हा एकदा जाणार, असं वाटलं आणि हात थांबला. आता सगळं सांगते.

शूटिंगवाल्यांनी निवडलं होतं बाईलाच. बाजारात भाजी घेत होती, त्यांच्यातला एक माणूस येऊन म्हणाला, ही मुलगी पाहिजे. बाबांनी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाई तुम्ही ओळखलेली हिरवी साडी नेसून गेली, मी सोबत. टोपली दिली, उभी केली. लोक जमले, मोठे दिवे लागले आणि बाईचे हातपाय गार पडले. मला म्हणाली, "लले, मले नाई जमत. तूच जा." ते लोक चिडले होते, वेळ जात होता. शिंप्याच्या दुकानामागे आम्ही कपडे बदलले. माझा फ्रॉक तिला कुठला होणार, ती शिंप्याच्या बायकोचं लुगडं गुंडाळून आली.

मला अनवाणी चालायचं होतं. माझ्या चपला हातात घेऊन बाई कॅमेऱ्याच्या बाजूला उभी राहिली, बांगडीवाल्याच्या पालाला टेकून. म्हणजे तुमच्या पडद्यावर डावीकडे, जिथे चित्र संपतं त्याच्या लगेच पलीकडे. मी चालायला लागले, ती ओरडली, "लले, खाली पाह्य, शेन आहे." मला हसू फुटलं. मी तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रागावतील, पण त्यांनी तेच ठेवलं.

भाऊजी, ते हसू तिनेच काढलेलं आहे. माझा चेहरा आहे, पण ते तिच्याकडे पाहून आलं आहे.

ती तुम्हाला हसत नव्हती. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा मला म्हणाली होती, "ह्यांना वाटते थे मीच आहो. किती खुश झाले म्हनून सांगू. मी काऊन नाई म्हनू?" पुढे कधी सांगायचं राहिलंच असेल. संसारात असं किती राहतं.

खोके भंगारात देऊ नका. माझ्यासाठी म्हणून ठेवा.

तुमची,
ललिता


घुग्घुस
५ जानेवारी २०२५

प्रिय ललिता,

इतके दिवस लिहिलं नाही. राग नव्हता. तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

खोके दाराशीच होते. भंगारवाला दिवाळीच्या आधी येतो म्हणाला तो आलाच नाही, आणि मीही बोलवायला गेलो नाही. एका दुपारी वरचा खोका उघडून वडशाचा सिनेमा काढला. तू सांगितलंस तसं पाहिलं. तू येतेस, डावीकडे पाहतेस, हसतेस. चित्र जिथे संपतं तिथे बांगडीवाल्याच्या पालाचा एक बांबू दिसतो, अर्धाच. व्हीसीडीत तो कधी दिसला नव्हता. त्या बांबूला ती टेकली होती म्हणायची. हातभर जरी कॅमेरा वळला असता तर.

दिवाळीला दिव्यानी आली तेव्हा तिला हे सगळं सांगितलं. ती मोबाइलवर शोधायला लागली. एका ठिकाणी सिनेमा सापडला तिला. मी म्हटलं, बाजार दाखव. बाजारच नव्हता. गाणं संपतं आणि एकदम पोलीस ठाणं येतं. लांबी कमी करायला कुणीतरी मधला भाग काढून टाकला असावा. पुढच्या आठवड्यात पुन्हा दाखव म्हटलं तर तिथे तो सिनेमाच नव्हता. "काढला त्यांनी, बाबा," असं म्हणाली. कुणी, कशासाठी, काही सांगायची पद्धत नाही. आहे म्हणता म्हणता नसतो. तेव्हापासून ती डिस्क फेका म्हणत नाही.

आता खरं कारण लिहितो. ती जे ओरडली, "खाली पाह्य, शेन आहे," ते त्या सिनेमात आहे का? ब्लू-रेचा आवाज फार बारीक असतो म्हणतात, सुई पडली तरी ऐकू येते. माझ्या कानांना गलबला ऐकू येतो, शब्द नाही. तू तिथे होतीस. तिचा आवाज तुझ्याइतका कुणाला ओळखू येणार? एकदा येऊन ऐकशील का?

आणि नशीब पाहा. एवढं मनात आलं आणि प्लेअर बंद पडला. डिस्क आत घेतो, कुरकुरतो आणि बाहेर टाकतो. चंद्रपूरला दिनेश म्हणून टीव्ही दुरुस्त करणारा आहे, त्याच्याकडे नेला. त्याने उघडून पाहिला आणि म्हणाला, "काका, याची लेन्स आता येत नाई. कोन पाह्यते आता डिस्क?" मी म्हटलं, मी पाहतो. त्याने झाकण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

कपाट पुन्हा भरून ठेवलं आहे. सगळे सिनेमे आहेत आणि एकही पाहता येत नाही.

तुझा,
हेमराज


एटापल्ली
२४ जानेवारी २०२५

आदरणीय भाऊजी,

यायचं आहे. पण सध्या रजा मिळत नाही, सोबतची सिस्टर बाळंतपणाला गेली आहे. उन्हाळा लागला की पाहते. तोवर प्लेअरचं काही जमवा.

तुम्ही विचारलंत तेव्हापासून मीही तोच विचार करते आहे. टॉकीजमध्ये मी तो सिनेमा एकदाच पाहिला, तेव्हा स्वतःकडेच पाहत होते, ऐकलं काहीच नाही. आवाज असेलही. ती जोरात ओरडली होती.

इथे सगळे मला सिस्टर म्हणतात. लहान पोरं पण. सरकारी कागदावर आडनाव आधी येतं. नावाने हाक मारणारं कुणी नाही आणि "लले" म्हणणारी एकच होती. परवा नदीवर एका बाईने आपल्या पोरीला हाक मारली, काय म्हणाली ते गोंडीत होतं, तरी मी मागे वळून पाहिलं.

म्हणून मलाही ऐकायचं आहे.

तुमची,
ललिता


घुग्घुस
२ मार्च २०२५

प्रिय ललिता,

प्लेअर आला. दिव्यानी घेऊन आली. तिच्या ऑफिसात कुणाचे तरी वडील घर बदलत होते, ते टाकून देणार होते. तिने मागून घेतला. पुण्याहून मांडीवर घेऊन आली, सीटखाली ठेवला नाही. दोन दिवस राहून गेली. चालतो चांगला. दार उघडताना थोडा आवाज करतो असं ती म्हणते, मला कुठे ऐकू येतो.

पाडव्याच्या सुमारास जमव. आलापल्लीहून चंद्रपूरची बस धर, मी स्टँडवर येतो. येताना काही आणू नको.

आणि ये नक्की. तू ऐकल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

तुझा,
हेमराज


एटापल्ली
८ एप्रिल २०२५

आदरणीय भाऊजी,

सुखरूप पोचले. सगळ्या जंगलात मोहफुलाचा वास आहे, गाव पहाटेपासून टोपल्या घेऊन झाडाखाली. दवाखान्यात कुणी येत नाही. म्हणून लिहायला वेळ आहे, आणि लिहिलंच पाहिजे.

तुमच्या घरी मी पोचले तेव्हा तुम्ही डिस्क आधीच पुसून ठेवली होती. वांग्याची भाजी केली होती, मीठ विसरलात ते मी सांगितलं नाही. मग तुम्ही आवाज पूर्ण वाढवला. शेजारचे खिडकीतून पाहत होते. मी पडद्याच्या अगदी जवळ बसले आणि डोळे मिटून घेतले, कारण माझा चेहरा पाहायचा नव्हता.

संपल्यावर तुम्ही विचारलं, "आहे?" आणि मी मान हलवली. तुम्ही ती मान हो म्हणून घेतलीत. तुमचा चेहरा असा झाला की माझ्याच्याने पुढे बोलवेना. तुम्ही चहा ठेवायला आत गेलात.

भाऊजी, नाही. तिचा आवाज त्यात नाही. सगळा आवाज नंतर दुसरीकडे भरलेला आहे. भाजीवाल्या हिंदीत ओरडतात, तेही एका सुरात. आपल्या बाजारात असं कोण ओरडते? माझ्या पायातले पैंजण वाजतात, आणि मी त्या दिवशी पैंजण घातलेच नव्हते.

हो लिहून सोडून देता आलं असतं. पण एकदा तुम्हाला असंच मानू दिलं गेलं आणि त्याचं काय झालं ते मी पाहिलं आहे. दुसऱ्यांदा नको.

आणखी एक. मधे मी डोळे उघडले होते. तुम्ही टीव्हीकडे पाहत नव्हता. टीव्हीच्या डावीकडे कोरी भिंत आहे, तिथे पाहत होता. तुमच्याकडे पाहून मीही तिकडे पाहिलं. काही नव्हतं तिथे, पण आपण दोघंही पाहत होतो. त्यानंतरचा सिनेमा काय झाला, मला माहीत नाही.

रागावू नका.

तुमची,
ललिता


घुग्घुस
२७ एप्रिल २०२५

प्रिय ललिता,

रागावलो नाही. आवाज नाही हे मला माहीत होतं.

दिव्यानी प्लेअर घेऊन आली तेव्हाच तिने कानाला हेडफोन लावून सगळं ऐकलं. पुन्हा पुन्हा ऐकलं. आईचा आवाज तिलाही पाहिजे होता. मग हेडफोन काढून ठेवला आणि माझ्या डाव्या कानाशी येऊन म्हणाली, "नाई, बाबा." ती पुण्याला गेली आणि मी तुला पत्र लिहिलं की तू ऐकल्याशिवाय माझं समाधान होणार नाही.

तुझी मान हललेली पाहून माझा चेहरा बदलला असेल, पण तो आवाजासाठी नव्हता. माझं मन राखायला कुणी एवढं करतं, हे पाहून तसं झालं. घरात बसून कुणी जेवतं आहे, हेही खूप दिवसांनी पाहत होतो. भाजीत मीठ नव्हतं ते मला दुसऱ्या घासालाच समजलं होतं. तू बोलली नाहीस, म्हणून मीही बोललो नाही.

डिस्कचं म्हणशील तर त्या असू दे कपाटात. माझ्यानंतर कुणी पाहील असं वाटत नाही. हा प्लेअरही एक दिवस जाईल आणि मग टाकून देणारा दुसरा कुणी सापडेलच असं नाही. तोवर रविवारी एक काढीन, पुसीन, लावीन. वडशाचा सिनेमा लावतो तेव्हा भिंतीकडे पाहतो, ते तू पाहिलंस. बरं झालं. कुणालातरी माहीत असावं.

तुला बोलवायला मला दुसरं कारण सुचलं नाही, ललिता. नुसतं ये म्हणायची सवय नाही. आशा होती तेव्हा लोक तिच्याकडे यायचे, मी घरात असायचो एवढंच.

पावसाळ्यात नाला भरायच्या आधी दोन दिवसांची रजा काढ. या वेळी काही ऐकायचं नाही, काही पाहायचं नाही. तशीच ये.

तुझा,
हेमराज